गाठ मोजण्याआधी

एखाद्या औषधाने किंवा रसायनाने माणसाला कर्करोग होईल का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आजही जगभर उंदरांवर दोन वर्षांची चाचणी केली जाते. हे उंदीर म्हणजे रॅट या मोठ्या जातीचे, प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले, बहुधा पांढरे प्राणी. चाचणीचा आराखडा ठरलेला असतो. रसायनाच्या तीन वेगवेगळ्या मात्रांचे तीन गट, रसायन न दिलेला चौथा गट आणि प्रत्येक गटात किमान ५० नर व ५० माद्या. म्हणजे एका रसायनामागे कमीत कमी ४०० जनावरे. चोवीस महिने संपले की प्रत्येकाचे शवविच्छेदन होते, एकेका अवयवाच्या पातळ चकत्या काचपट्ट्यांवर चढतात, पॅथॉलॉजिस्ट त्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचतो आणि शेवटी एक तक्ता तयार होतो. त्या तक्त्यात ‘गर्भाशय’ या शब्दापुढे चार आकडे असतात. बातमी होते ती या चार आकड्यांची, आणि औषधाच्या डबीतल्या माहितीपत्रकात ‘उंदरांमध्ये गर्भाशयाच्या गाठी आढळल्या’ असे एक वाक्य छापले जाते ते त्यांच्याच आधारे. ते वाचून घाबरावे की दुर्लक्ष करावे हे वाचणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे आहे की केवळ त्या आकड्यांवरून ते सांगताही येणार नाही. गाठ कोणत्या ऊतीतून उगवली, ती कोणत्या वंशाच्या उंदरात उगवली आणि ती शोधण्यासाठी गर्भाशय कापले कसे, या तीन गोष्टी ठाऊक असतील तरच आकड्याला अर्थ येतो. एरवी तोच आकडा एकदा निरर्थक भीती पसरवू शकतो आणि दुसऱ्यांदा खरा धोका झाकून टाकू शकतो. दोन्ही प्रकार प्रत्यक्षात घडले आहेत.

आधी अवयव पाहू. बाईचे गर्भाशय ही एकच पोकळी असलेली जाड भिंतीची पिशवी असते. उंदराच्या मादीत डावे-उजवे असे दोन लांबट नळीसारखे भाग असतात. त्यांना शिंगे म्हणतात. दोन्हींच्या पोकळ्या शेवटपर्यंत वेगळ्या राहतात आणि योनीत दोन स्वतंत्र मुखांनी उघडतात. भिंतीची रचना मात्र आपल्यासारखीच आहे. आतून अस्तर, त्याला एंडोमेट्रियम म्हणतात, आणि बाहेरून स्नायूंचा थर. अस्तरात पुन्हा दोन प्रकारच्या पेशी. पोकळीच्या बाजूने आणि ग्रंथींच्या नळ्यांत एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या आच्छादक पेशी, आणि त्या ग्रंथींना आधार देणाऱ्या, सैलसर विखुरलेल्या स्ट्रोमाच्या पेशी. मादीचे चक्र चार-पाच दिवसांचे असते. तिला पाळी येत नाही. अस्तर गळून पडत नाही, ते जागच्या जागी वाढते आणि ओसरते. गर्भाशयातली बहुतेक प्रत्येक गाठ या तीनपैकी कोणत्या तरी ऊतीतून उगवते: ग्रंथींच्या आच्छादक पेशींतून, स्ट्रोमातून किंवा स्नायूतून. अधूनमधून रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि मज्जातंतूंची आवरणेही गाठींचे मूळ असतात. निदान म्हणजे प्रथम हे मूळ शोधणे. गाठ पसरणारी आहे की जागच्या जागी राहणारी, हा प्रश्न त्यानंतरचा.

उंदराच्या गर्भाशयात सर्वांत जास्त दिसणारी गाठ म्हणजे स्ट्रोमाचा पॉलिप. फिशर ३४४ या वंशात, ज्याच्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने अनेक दशके चाचण्या केल्या, म्हाताऱ्या माद्यांत दर पाच-सहा जणींमागे एकीला हा पॉलिप असतो, तोही कोणतेही रसायन न देता. अस्तरातून पोकळीत लोंबणारी, देठ असलेली ही गाठ असते. वरून आच्छादक पेशींचा एकच थर, आत तर्कूच्या किंवा चांदणीच्या आकाराच्या स्ट्रोमा-पेशी आणि भरपूर रक्तवाहिन्या. ग्रंथी अगदी थोड्या. इथेच स्त्रियांच्या पॉलिपशी फरक पडतो, कारण स्त्रीच्या अस्तरातल्या पॉलिपमध्ये ग्रंथी हा मुख्य घटक असतो. नाव एकच असले तरी ऊतीचे प्रमाण वेगळे, म्हणून एकावरून दुसऱ्याविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. कधी हा पॉलिप वाढत जाऊन गर्भाशयमुखातून बाहेर डोकावतो, त्यातल्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तस्राव होतो आणि मादी आजारी दिसते. इतका मोठा झाला तरी तो पॉलिपच असतो. आकार हे कर्करोगाचे लक्षण नाही. पेशी बेढब, एकमेकींपासून वेगळ्या आकाराच्या झाल्या, त्यांचे विभाजन बेसुमार वाढले आणि त्या देठ ओलांडून स्नायूच्या थरात घुसल्या, तर मात्र तो स्ट्रोमाचा सार्कोमा होतो आणि तो दुर्धर असतो. असे क्वचित घडते. तरी निष्कर्ष काढताना या दोन्हींची बेरीज करून पाहतात, कारण मूळ ऊती एकच आहे आणि एकीतून दुसरी संभवते. उलट स्नायूची गाठ आणि स्ट्रोमाची गाठ यांची बेरीज करणे चूक ठरेल, दोन्ही एकाच अवयवात असल्या तरी.

ही मुळे एकमेकांपासून ओळखणे वाटते तितके सोपे नाही. स्ट्रोमा, स्नायू आणि मज्जातंतूचे आवरण, या तिघांच्याही गाठींत लांबट पेशी असतात. नेहमीच्या जांभळ्या-गुलाबी रंगात, म्हणजे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनमध्ये, स्नायूच्या गाठीतल्या पेशी अधिक गुलाबी दिसतात, त्यांच्या जुड्या एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि केंद्रके बोथट टोकांची असतात. मज्जावरणाच्या गाठीत केंद्रके ओळीने शेजारी शेजारी उभी राहतात, आणि मध्येच द्रव साचलेले पोकळ भाग दिसतात. शंका उरली तर प्रतिपिंडांचा वापर करून पेशीतली प्रथिने रंगवतात. डेस्मिन आणि स्नायूतले ॲक्टिन उमटले तर स्नायू, एस-१०० उमटले तर बहुधा मज्जावरण. गर्भाशयमुख आणि योनीच्या भागात कणदार पेशींची एक गाठ होते. तिचे कण पीएएस या रंगाने गडद गुलाबी होतात आणि तिच्यातही एस-१०० उमटते. त्यामुळे एकट्या रंगावर भिस्त ठेवून चालत नाही. सर्वांत फसवी गोष्ट तर गाठच नसते. मादी खोट्या गर्भावस्थेत असताना, म्हणजे गर्भ नसूनही प्रोजेस्टेरॉन चढलेले असताना, अस्तराला थोडा धक्का लागला की स्ट्रोमाच्या पेशी फुगतात, बहुकोनी होतात, ग्लायकोजेनने भरतात आणि गर्भ रुजताना होते तशी प्रतिक्रिया देतात. लिओ लोएब यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गिनीपिगमध्ये ही प्रतिक्रिया प्रयोगाने घडवून दाखवली. मोठाल्या पेशी, ठळक केंद्रके, भराभर वाढ. अननुभवी नजरेला हा सार्कोमा वाटू शकतो. प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणाऱ्या औषधाच्या चाचणीत ही प्रतिक्रिया कर्करोगाच्या रकान्यात नोंदली गेली तर निर्दोष औषधावर ठपका येईल.

ग्रंथींतून उगवणाऱ्या गाठींत प्रश्न वेगळा आहे. तिथे मूळ लगेच कळते, पण रेषा कुठे आखायची ते कळत नाही. ग्रंथी संख्येने वाढल्या, फुगून त्यांच्या पिशव्या झाल्या, पण पेशी शिस्तीत आहेत, तर ती नुसती अतिवाढ. पेशी एकमेकींवर चढू लागल्या, केंद्रके मोठी आणि वेडीवाकडी झाली, ग्रंथींच्या मधली स्ट्रोमा दबून गेली, तर ती बिघडलेली अतिवाढ, जिला पुढच्या धोक्याची पायरी मानतात. सीमा स्पष्ट असलेली, शेजारच्या ऊतीला दाबणारी, पण आत न घुसणारी वाढ म्हणजे अडेनोमा. आणि ग्रंथी स्नायूच्या थरात शिरल्या, तर अडेनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोग. पुढे तो पोटाच्या आवरणावर, लसीकाग्रंथींत, फुप्फुसांत पसरू शकतो. या पायऱ्या निसर्गात वेगळ्या पाडलेल्या नसतात. एकाच गर्भाशयात त्या शेजारी शेजारी सापडतात. म्हणूनच युरोप, अमेरिका आणि जपानमधल्या विषविकृतिशास्त्र संस्थांनी एकत्र येऊन उंदरांतल्या विकृतींची नावे आणि निकष ठरवण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यातला मादीच्या प्रजननसंस्थेचा भाग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका देशातला अडेनोमा दुसऱ्या देशात कर्करोग ठरू नये, हा त्याचा व्यावहारिक हेतू. भारताच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण उत्तम प्रयोगशाळा पद्धतीने आपल्याकडे केलेल्या सुरक्षाचाचण्या २०११ पासून इतर सदस्य देश पुन्हा न करता स्वीकारतात. मग इथल्या काचपट्टीवरचे निदान तिथल्या भाषेत बसलेच पाहिजे.

आता कापण्याकडे येऊ. बाहेरच्या जगात याची चर्चा होत नाही. शवविच्छेदनात डोळ्यांना गाठ दिसली तर ती अर्थातच तपासली जाते. दिसली नाही तर ठरलेल्या जागी चकती घ्यायची. बराच काळ रिवाज असा होता की दोन्ही शिंगांचा मधला भाग आडवा कापायचा. चकतीची जाडी सुमारे ५ मायक्रॉन असते. एक शिंग चार सेंटिमीटर लांब धरले, तर त्याच्या अशा ८,००० आडव्या चकत्या निघतील. त्यातली एक-दोन पाहून ‘गर्भाशयात काही नाही’ असे लिहिले जात होते. शिवाय अस्तराचा कर्करोग पुष्कळदा शिंगांच्या मध्यावर नसून खाली, गर्भाशयमुखाजवळ सापडतो. तो भाग आडव्या चकतीत येतच नाही. टेट्राब्रोमोबिसफिनॉल-ए या रसायनाच्या चाचणीत हे प्रकर्षाने पुढे आले. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या सर्किट बोर्डांना सहज आग लागू नये म्हणून हे रसायन वापरतात आणि त्या कामाच्या ब्रोमीनयुक्त रसायनांत जगात त्याचाच खप सर्वाधिक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने विस्टार हान वंशाच्या उंदरांना ते दोन वर्षे दिले. आडव्या चकत्या वाचून झाल्यावर फॉर्मेलिनमध्ये राखून ठेवलेले उरलेले गर्भाशय, गर्भाशयमुख आणि योनी यांसह, पुन्हा काढून उभे कापले गेले. पहिल्या वाचनात न दिसलेले कर्करोग आणि त्यांच्या आधीची बिघडलेली अतिवाढ त्यात सापडली. रसायन दिलेल्या गटांत ही भर मोठी होती. २०१४ च्या अहवालाने विस्टार हान माद्यांत कर्करोगकारकतेचा ‘स्पष्ट पुरावा’ असल्याचा निर्वाळा दिला, आणि पुढे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे रसायन माणसाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. उभा छेद घेतला नसता तर हा पुरावा अपुराच राहिला असता. प्राणी तेच होते, गर्भाशये तीच होती, फक्त सुरीची दिशा बदलली होती. जुन्या अहवालांत जिथे फक्त आडवा छेद आहे, तिथे ‘गाठी आढळल्या नाहीत’ या वाक्याचे वजन कमी धरावे, असे मला ठामपणे वाटते.

आणि वंश. विज्ञानाच्या बातम्यांत ‘उंदीर’ हा शब्द असा वापरला जातो जणू सगळे उंदीर एकच. प्रत्यक्षात एका वंशाची म्हातारी मादी दुसऱ्या वंशाच्या म्हाताऱ्या मादीपेक्षा संप्रेरकांच्या अगदी वेगळ्या वातावरणात जगत असते. बाईची पाळी थांबते तेव्हा तिच्या अंडाशयातले इस्ट्रोजेन जवळजवळ संपते. उंदराच्या मादीचे तसे होत नाही. वर्षभराची होईतो तिचे चक्र विस्कटते, पण अंडाशय काम करत राहतो. स्प्रेग-डॉली वंशात बहुतेक माद्या कायम माजाच्या अवस्थेत अडकतात: अंडे सुटत नाही, पीतपिंड तयार होत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन नाही आणि इस्ट्रोजेन मात्र अखंड. फिशर ३४४ मध्ये उलटे. तिथे मादी पुन्हा पुन्हा खोट्या गर्भावस्थेत जाते, पीतपिंड टिकून राहतात आणि प्रोजेस्टेरॉनचा अंकुश अस्तरावर राहतो. म्हणून फिशरमध्ये पॉलिप पुष्कळ, पण अस्तराचा कर्करोग कमी. जपानमधला डॉनऱ्यू वंश वय वाढताच इस्ट्रोजेनच्या बाजूला झुकतो आणि त्याच्या माद्यांत अस्तराचा कर्करोग आपोआपच मोठ्या प्रमाणात होतो. जर्मनीत हॅनोव्हरला वाढवलेल्या बीडी-टू वंशात तर निम्म्याहून अधिक अविवाहित, म्हणजे नराजवळ कधीच न सोडलेल्या, माद्यांना तो होतो. त्यांना कोणी विष घातलेले नसते. त्यामुळे एखाद्या अहवालात दहा माद्यांना गाठ झाली असे वाचले, तर वंश कळल्याशिवाय दहा हा आकडा थोडा की फार हेही ठरत नाही. त्याच प्रयोगशाळेतल्या त्याच वंशाच्या, रसायन न दिलेल्या पूर्वीच्या माद्यांची नोंद शेजारी ठेवावीच लागते.

वंशाचे आणि संप्रेरकांचे हे ज्ञान स्त्रियांच्या किती उपयोगी पडले, हे ब्रोमोक्रिप्टीन या औषधाच्या इतिहासात दिसते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढल्यामुळे पाळी थांबते, वंध्यत्व येते; त्यावर आणि पार्किन्सनच्या विकारावरही हे औषध दिले जाते. दोन वर्षांच्या चाचणीत म्हाताऱ्या माद्यांना गर्भाशयाच्या गाठी झाल्या. नुसता आकडा पाहिला असता तर औषध तिथेच संपले असते. पण प्रश्न विचारला गेला की या गाठी कशामुळे. उंदराच्या मादीत पीतपिंड टिकवून धरण्याचे काम प्रोलॅक्टिन करते. ते औषधाने दाबले की पीतपिंड जातो, प्रोजेस्टेरॉन जाते, आणि म्हाताऱ्या मादीचे अस्तर एकट्या इस्ट्रोजेनच्या ताब्यात राहते. गाठी त्यातून आल्या. बाईमध्ये पीतपिंडाला प्रोलॅक्टिनवर अवलंबून राहावे लागत नाही. उलट ज्यांना हे औषध देतात त्यांच्यात ते बहुधा पाळीचे चक्र आणि त्याबरोबर प्रोजेस्टेरॉन परत आणते. तरी केवळ तर्कावर कोणी थांबले नाही. ब्रिटनमध्ये हे औषध घेणाऱ्या स्त्रियांच्या अस्तराचे तुकडे काढून तपासले गेले आणि त्यांत कर्करोग किंवा त्याची पूर्वचिन्हे नसल्याचे १९७७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केले. ही पद्धत मला आदर्श वाटते. गाठ दिसली, तिचे कारण शोधले, ते कारण माणसात लागू पडते का ते पाहिले, आणि मग स्त्रीच्याच ऊतीवर खात्री करून घेतली.

यावर साहजिक आक्षेप येतो. मग उंदरांवरच्या चाचण्या कशाला हव्यात? मादीचे शरीर वेगळे, चक्र वेगळे, म्हातारपण वेगळे, आणि गाठ झाली की ‘ही माणसाला लागू नाही’ म्हणायचे असेल तर चारशे जनावरांचा बळी व्यर्थ आहे. आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला आणखी बळ देणारे उदाहरण मीच देतो. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन हे औषध उंदरांना दिले तेव्हा यकृताचे कर्करोग झाले. नेहमीच्या पद्धतीने, प्रौढ माद्यांना औषध देऊन केलेल्या चाचण्यांनी गर्भाशयाविषयी इशारा दिला नाही. स्त्रियांत मात्र धोका गर्भाशयाच्या अस्तरालाच निघाला. १९९६ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याच कारणासाठी टॅमॉक्सिफेनला माणसातले कर्करोगकारक ठरवले, तरी स्तनाच्या कर्करोगात त्याचा फायदा धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असल्याने ते आजही योग्यपणे वापरले जाते. म्हणजे ब्रोमोक्रिप्टीनमध्ये उंदराने खोटी हाक दिली आणि टॅमॉक्सिफेनमध्ये खरी हाक दिलीच नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष उंदीर निरुपयोगी आहे असा नाही. प्रोजेस्टेरॉनचा अंकुश नसलेले इस्ट्रोजेन अस्तराला कर्करोगाकडे नेते, हे डॉनऱ्यू मादीत जितके खरे तितकेच बाईतही खरे आहे. पाळी थांबल्यावर नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या अमेरिकी स्त्रियांत अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे १९७५ मध्ये दिसले आणि त्यानंतर गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देण्याची पद्धत रूढ झाली. रोगाचा मुक्काम दोन्हीकडे एक आहे, तिथवर पोचण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. एखादे रसायन कोणत्या वाटेने गेले ते कळले, की ती वाट आपल्या शरीरात आहे की नाही हे विचारता येते. ते नुसत्या गाठींच्या बेरजेतून कधीच कळणार नाही.

टेट्राब्रोमोबिसफिनॉलच्या बाबतीत ऊतीने पुढचा पुरावाही दिला. त्या कर्करोगांतला डीएनए तपासला तेव्हा टीपी-५३ या जनुकातले बिघाड आपोआप झालेल्या कर्करोगांपेक्षा बरेच जास्त सापडले, आणि अभ्यासकांना या गाठींचे स्त्रियांच्या आक्रमक स्वरूपाच्या अस्तर-कर्करोगाशी साम्य दिसले. हे रसायन नेहमीच्या चाचण्यांत डीएनएला थेट इजा करत नाही. शरीरातले इस्ट्रोजेन निकामी करण्याच्या प्रक्रियेत ते अडथळा आणत असावे, अशी मांडणी झाली आहे. ती वाट माणसात नाही असे म्हणायला आधार नाही. म्हणून ब्रोमोक्रिप्टीनला दिलेली सूट इथे देता येत नाही.

फायब्रॉइडविषयी थोडक्यात सांगायला हवे, कारण आपल्याकडे ‘गर्भाशयात गाठ’ म्हटले की बहुतेकींना तोच आठवतो. स्नायूची ही साधी गाठ स्त्रियांत फार मोठ्या प्रमाणावर होते, नेहमीच्या उंदरांत मात्र ती विरळ. अपवाद एकर वंशाचा. नॉर्वेतल्या एकर यांनी १९५४ मध्ये मूत्रपिंडाच्या आनुवंशिक गाठींसाठी हा वंश नोंदवला. पुढे त्याच्या माद्यांत स्नायूच्या गाठीही भरपूर होतात हे लक्षात आले आणि तो फायब्रॉइडच्या संशोधनात उपयोगी पडला. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठी स्त्रियांच्या फायब्रॉइडसारख्याच दिसतात. पण तिथे टीएससी-२ हे जनुक जन्मतः बिघडलेले असते, आणि स्त्रियांच्या फायब्रॉइडमध्ये सर्वाधिक सापडणारा बिघाड एमईडी-१२ या जनुकातला आहे. काचपट्टीवरचे साम्य हा पुरावा आहे, पण तो पुरेसा नाही, हे मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप पॅथॉलॉजिस्टवर येतो. निदान जर नजरेचे असेल, तर ते किती भरवशाचे? शिवाय पहिल्या वाचनात पुष्कळदा कोणती चकती कोणत्या गटाची हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. मग त्याच्या मनातली अपेक्षा निदानात उतरणार नाही का? उतरू शकते. पण सुरुवातीला गट माहीत असण्यामागे कारण आहे. रसायन न दिलेल्या माद्यांची ऊती त्या वयात कशी दिसते हे डोळ्यांत बसल्याशिवाय सूक्ष्म फरक पकडता येत नाहीत, आणि ते निसटले तर पुढे कोणतेही गणित ते परत आणत नाही. म्हणून राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमात पहिल्या वाचनानंतर दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतंत्रपणे पाहतो, आणि ज्या चकत्यांवर मतभेद होतात त्या तज्ज्ञांच्या गटापुढे गट लपवून ठेवल्या जातात. बहुमताने ठरते ते अंतिम निदान. हे कष्टाचे आणि खर्चाचे आहे, पण त्यात काटकसर करू नये. संगणकाने चकत्या वाचण्याचे प्रयत्न जोरात चालू आहेत आणि ते स्वागतार्ह आहेत, पण संगणकालाही शिकवायला माणसानेच निदान केलेल्या चकत्या लागतात. शिवाय जो भाग कापलाच गेला नाही तो संगणकालाही दिसणार नाही.

संख्याशास्त्राचीही मर्यादा लक्षात ठेवावी. ५० माद्यांत एकाही मादीला गाठ नसली, तरी त्यावरून एवढेच म्हणता येते की खरे प्रमाण बहुधा सहा टक्क्यांहून कमी आहे. शून्याचा अर्थ शून्य होत नाही. उलट, फिशरसारख्या वंशात पॉलिप दहाचे तेरा झाले तर ते योगायोगानेही होते. म्हणून परीक्षणात नेहमी आढळणाऱ्या गाठींसाठी कडक आणि एक टक्क्याहून विरळ गाठींसाठी सैल कसोटी लावतात. एका मादीला झालेला स्नायूचा सार्कोमा दहा पॉलिपपेक्षा बोलका असू शकतो. अर्थात, तो स्नायूचाच आहे हे कोणीतरी नीट पाहिले असेल तर.

औषधांच्या नियमनात याची दखल घेतली गेली आहे. औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय समन्वय परिषदेने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शिका सुधारली. औषध शरीरात नेमके काय करते, संप्रेरकांवर त्याचा परिणाम काय, सहा महिन्यांच्या चाचणीत ऊती कशी दिसली, हे सगळे एकत्र पाहून उत्तर आधीच स्पष्ट असेल तर उंदरांवरची दोन वर्षांची चाचणी वगळता येते. ब्रोमोक्रिप्टीनसारखे औषध आज आले तर शेकडो जनावरे वाचू शकतील, आणि ती वाचावीत. औद्योगिक रसायनांना मात्र ही मुभा सरसकट देऊ नये असे माझे मत आहे. औषध घेणारा माणूस डॉक्टरच्या देखरेखीखाली असतो. सर्किट बोर्ड जाळून तांबे काढणाऱ्या भंगार-कामगारावर कोणाची देखरेख नसते. त्या रसायनांसाठी दोन वर्षांची चाचणी अजून हवी, आणि गर्भाशय गर्भाशयमुखासकट उभे कापलेले हवे. प्रत्येक अहवालात वंश, छेदाची दिशा आणि रसायन न दिलेल्या माद्यांची जुनी नोंद पहिल्याच पानावर छापणे नियामकांनी बंधनकारक करावे.